न सुजलेला हात

दर्शना धुरीला काय मिळणार होतं, ते आधी नीट मांडून ठेवू. एक खुर्ची, पाठ असलेली. डोक्यावर पंखा. समोर काचेची खिडकी आणि पलीकडे काजू फोडणाऱ्या दुसऱ्या बायका. आणि या सगळ्याहून मोठं म्हणजे, उरलेल्या आयुष्यात काजूच्या टरफलाला पुन्हा बोट न लावण्याची मुभा. बदल्यात एवढंच हवं होतं की तिच्या ओळीतल्या बावीस बायकांपैकी एकीचाही हात कामाच्या नव्वद दिवसांत सुजू नये. म्हणजे चव्वेचाळीस हात. त्यांपैकी एकही तिचा स्वतःचा नव्हता, त्यामुळे सौदा तिला बरा वाटला.

सावंतवाडीहून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर हा कारखाना होता. साल दोन हजार एकोणचाळीस. तोवर जगात पुष्कळ गोष्टी यंत्रं करू लागली होती, पण अख्खा गर न मोडता बाहेर काढणं अजून बाईच्या बोटांनाच जमत होतं. टरफलात एक काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की हात उततात. आधी लाल, मग फोड, मग पाव भिजवल्यासारखी सूज. हातमोजे घातले तर बोटांना गराचा अंदाज येत नाही. राख लावली तर गर मळतो. म्हणून हात उतत, आणि उतलेल्या हाताची बाई घरी बसे.

घरी कोणी बसायचं हे दर्शना ठरवायची. ती मुकादमीण, आणि बाई कमी पडली की स्वतःही फोडायला बसे. सकाळी कारखान्याच्या दारात टेबल मांडलेलं असे. बायका ओळीने येऊन दोन्ही तळवे पालथे ठेवत. दर्शना हाताच्या पाठीवर अंगठा दाबायची, उचलायची आणि पाच आकडे मोजायची. पाचाच्या आत दाबलेली जागा भरून आली तर बाई आत. खड्डा तसाच राहिला तर बाई घरी. ही रीत तिच्या आधीच्या मुकादमिणीची, तिच्याही आधीच्या मुकादमिणीची. कोणी रडून दाखवलं, कोणी देवाची शपथ घातली, तरी खड्डा काय म्हणतो तेच खरं. त्यामुळे भांडणं होत नसत. खड्ड्याशी कोण भांडणार?

त्या हंगामाच्या सुरुवातीला डॉ. ऋजुता केळुसकर चकत्यांची पेटी घेऊन आली. तेहतिशीची, हसरी, आणि समोरच्याला सगळं समजलंच पाहिजे असा हट्ट असलेली. तिने बायकांना फरशीवर बसवून सांगितलं ते असं: रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चपट्या पेशींचं अस्तर असतं. पेशी एकमेकींचे हात धरून बसलेल्या. जखम झाली किंवा तेल लागलं की शरीर ब्रॅडिकायनिन नावाचा एक इवलासा पदार्थ तयार करतं. तो पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. या माळेने सांगितलं की पेशी हात सैल करतात, फटी पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. तीच सूज. उलट सांगणारी माळही शरीरातच असते, बावन्न मण्यांची, अ‍ॅड्रिनोमेड्युलिन नावाची. ती म्हणते, हात घट्ट धरा. पण ती रक्तात अर्धा तासही धड टिकत नाही. ऋजुताच्या संस्थेने तिचे तीन मणी बदलले होते. आता ती दिवसभर टिकत होती. दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी चकती चिकटवायची. फटी पडायला लागल्या की चकतीला कळतं आणि ती बदललेली माळ सोडते.

“मगे ता पाणी जाता खंय?” मागून एकीने विचारलं.

“कुठंच नाही. वाहिनीतच राहतं.”

“आणि ता भायर कित्याक येय होता?”

ऋजुता या प्रश्नावर खूश झाली, कारण कंपनीच्या बैठकीत तो कोणी विचारला नव्हता. तिने सांगितलं की ते पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यातून जंतूंशी लढणारी प्रथिनं बाहेर येतात, त्याच फटींतून पांढऱ्या पेशी वाट काढतात. सूज म्हणजे मदत पोचल्याची खूण. तेलाने हात उतला तर त्या मदतीचा उपयोग नसतो, उगाच हात फुगतो. पण जंतू आत गेला तर उपयोग असतो. चकतीला या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून दोन नियम. रोज प्रत्येकीला दुखतंय का विचारून टॅबलेटवर नोंद करायची, कारण आता सूज काही सांगणार नाही. आणि चकती कधीही ओढून काढायची नाही. तिची मात्रा तीन दिवस उतरवत न्यायची, ते ऋजुता दुरून करेल.

दर्शनाने दोन्ही नियम मान हलवून ऐकले. कारखान्याचा व्यवस्थापक गिरप याने खुर्चीची गोष्ट तिला त्याच दुपारी सांगितली. नव्या इमारतीत एक पर्यवेक्षिका लागणार होती. प्रयोग निर्वेध पार पडला तर ती दर्शना. एका जरी बाईची नोंद बिघडली तरी ओळीचा प्रयोग रद्द आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी, म्हणजे पुढच्या हंगामात. पुढच्या हंगामात गिरप कोणाला काय कबूल करेल, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसे.

चकत्यांनी काम चोख केलं. दहा दिवसांत हातांची भाजल्यासारखी लाली गेली. एकीची नऊ वर्षं बोटात रुतलेली अंगठी सुटली, तर तिच्या सासूने तीन दिवस संशय घेतला. बायका बांगड्या भरायला गेल्या आणि कासारणीला म्हणाल्या, एक माप लहान दाखव. दर्शनाचा अंगठा रोज चव्वेचाळीस वेळा टेकत होता आणि चव्वेचाळीस वेळा कातडी खाली वर होत होती. सूज नाही, हे ती खरं भरत होती. दुखणं नाही, हे ती घरून निघतानाच बावीस वेळा भरून टाकत होती, चहा निवेपर्यंत. तिचं म्हणणं असं की विचारलं तर बावीसच्या बावीस जणी होय म्हणतील. कोणाची पाठ, कोणाचा गुडघा, कोणाचं नशीब. डॉक्टरणीला त्यात काय सापडणार होतं? खड्डा मोजता येतो. दुखणं ज्याचं तो सांगेल तेवढं.

ओळीतली सगळ्यांत जलद बाई म्हणजे रसिका, दर्शनाची धाकटी जाऊ. घर एकच, चूल एकच. थोरला भाऊ, म्हणजे दर्शनाचा नवरा, ट्रॉलरवरून पडून कंबर धरून बसलेला. धाकटा, रसिकाचा नवरा, आखातात गेला आणि चार वर्षांपूर्वी त्याचे फोन यायचे थांबले. दोघी कमावत्या, म्हणून दोघींचं पटायचं. आणि दोघी कमावत्या म्हणूनच पटायचं नाही. रसिकाने एकदा पोटात कळ येते म्हणून सुट्टी घेतली होती आणि माहेरच्या दशावतारात पहिल्या रांगेत बसलेली सापडली होती. दर्शना ते विसरली नव्हती, आणि विसरली नाही हे रसिकालाही ती विसरू देत नव्हती.

त्र्याऐंशीव्या दिवशी पात्याचं टोक रसिकाच्या उजव्या तळहातात अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. रक्त थेंबभर. तिने चोखून थुंकलं आणि पुढचा काजू घेतला.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी सकाळी टेबलावर हात ठेवताना ती म्हणाली, “वयनी, आतून ठणकता.”

दर्शनाने अंगठा दाबला. एक म्हणायच्या आत कातडी वर आली. रंगही चांगला. जखमेचा तर मागमूस नाही.

“खड्डो खंय आसा?”

“खड्डो नाय. पण दुखता.”

“दुखणा कोणाक नाय गो? चल, आत हो.”

मागच्या बायका हसल्या. कोणीतरी दशावताराचं नाव काढलं. रसिकाही हसली, कारण तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तोवरच्या हंगामांत तिचा हात तिची साक्ष द्यायचा. आता तो सकाळी टेबलावर पालथा पडून मुकादमिणीच्या बाजूने बोलत होता.

पंच्याऐंशीव्या दिवशी तिने डाव्या हाताने काम केलं. शहाऐंशीव्या दिवशी तिचा वेग ओळीत शेवटचा होता आणि कपाळ गरम होतं. घरी चुलीपाशी मांजर तिच्या मनगटाला घासून गेलं तर ती भिंतीला टेकून खाली बसली. दर्शनाने तिचा हात उजेडात धरून पाहिला. सडपातळ, नितळ, नव्या नवरीसारखा. नखांच्या मुळाशी मात्र एक निळसर रेघ होती. हात आतून बिघडतोय, हा त्या रेघेचा अर्थ दर्शनाला कळला. ऋजुताचा नंबर फोनमध्ये होता. फोन केला असता तर दुखण्याची एक नोंद झाली असती, आणि चार दिवस उरले होते.

तिने काय केलं? दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवार मोजणीत धरत नसत. तिने रसिकाला रिक्षात घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, म्हणजे उपचारही झाला असता आणि ओळही अखंड राहिली असती.

तिथला डॉक्टर तरुण होता आणि बाहेर पन्नास माणसं होती. त्याने हात दाबला, उलटा केला, दुसऱ्या हाताशी ताडून पाहिला. सूज नाही, लाली नाही, पू नाही. ताप शंभरावर थोडा. काजूवर काम करता का, मग नस आखडली असेल, असं म्हणून त्याने गोळ्या लिहिल्या. त्याने चूक केली असं म्हणवत नाही. त्याला पुस्तकात शिकवलेल्या सगळ्या खुणा त्या हाताने लपवून ठेवल्या होत्या. वेदनेपुढे रसिकाला काही सुचत नव्हतं; दंडावरच्या चकतीबद्दल त्याला सांगू शकणारी बाई खोलीत एकच होती. दर्शनाने गोळ्यांचा कागद घेतला. चकती म्हटलं की डॉक्टरणीला फोन, आणि फोन म्हणजे नोंद.

बाहेर व्हरांड्यात बाकावर रसिका तिच्या खांद्यावर कलंडली होती. श्वास आखूड. दर्शनाच्या मनात आलं ते वाईट नव्हतं. तिला वाटलं, हात सुजला तर डॉक्टर बघेल. सूज आली पाहिजे. हयातभर तिने जिला दारात अडवलं, तिचीच आता तिला गरज पडली. तिने रसिकाच्या पोलक्याच्या बाहीचा काठ वर सारला आणि नखाने चकती सोडवली. कातडीसकट निघाली.

रसिकाने डोळे उघडून पाहिलं.

सूज आली. आधी तळहात, मग मनगट, मग कोपर. वीस मिनिटांत दर्शना आत धावली आणि या वेळी डॉक्टर उठला. पण सूज दंडाशी थांबली नाही. पापण्या मिटल्या, ओठ जाड झाले, मान भरली. नाडी लागेना. सलाइन लावलं तर ते वाहिनीत शिरून लगेच बाहेर झिरपत होतं; बाई फुगत होती आणि रक्तदाब खालीच जात होता. अंगात पाणी भरपूर, आणि वाहिन्या कोरड्या. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत तिच्या फुप्फुसांतही ते उतरलं होतं.

चकतीचा संदेश थांबल्याचं पाहून शोध घेत ऋजुता दुपारी तिथे आली. बाहेरच्या जिन्यावर बसून तिने दर्शनाला जे सांगितलं, ते ती स्वतःलाच सांगत असावी. तीन महिने पेशींना मोठ्या आवाजात ऐकायची सवय लागली होती. चकतीची माळ ओरडून सांगायची, घट्ट धरा. म्हणून पेशींनी आपले कान कमी केले होते. शरीराची स्वतःची माळ त्यांना आता ऐकूच येत नव्हती. आवाज हळूहळू कमी केला असता तर त्यांनी कान पुन्हा उघडले असते. तो एकदम बंद झाला आणि सगळ्या अंगातल्या पेशींनी एकदम हात सोडले. त्यात तळहातातला जंतू, चार दिवस कोणी न अडवलेला, रक्तात आलेला.

“चकती कशी निघाली?” तिने विचारलं.

दर्शना म्हणाली, घामान सुटली असात.

रसिका वाचली. उजवा हात कोपराखाली कापावा लागला. ती अकरा दिवस यंत्रावर होती, आणि त्या अकरा दिवसांत दर्शनाने उरलेल्या एकवीस बायकांचे हात दाबून नव्वद पुरे केले. रसिकाची नोंद चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवली होती. गिरपने सांगितलं, आता सगळं चौकशीवर आहे.

चौकशीला तिघे आले. इस्पितळातच, पलंगापाशी खुर्च्या ओढून बसले. एकाने आवाज टिपणारं यंत्र चालू करून उशाशी ठेवलं. दर्शनाला बाहेर थांबायला सांगणार तेवढ्यात रसिका म्हणाली, वयनीला राहू दे, मला पाणी लागतं. मग तिला विचारण्यात आलं की रोज दुखण्याबद्दल विचारणा होत होती का.

“होय. रोज.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“दुखत नव्हतं. नाही म्हणून सांगितलं.” यंत्रासमोर ती छापील मराठीत बोलत होती, शाळेत कविता म्हणावी तशी.

“चकती कोणी काढली?”

“मीच. खाजत होती.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काम सोपं झालं होतं. ते गेल्यावर दर्शना पलंगाच्या कडेला बसली आणि रडायला लागली. रसिकाने तिला थोडं रडू दिलं.

“पुरे,” ती म्हणाली. “माजो हात काय परत येवचो नाय. तुजी जागा गेली तर घरात कोणी काय खावचा? मी हिशेब केलंय, वयनी. तुज्यासाठी नाय केलंय.”

अहवाल आला. प्रयोगात सहभागी स्त्रीने सूचना मोडून चकती स्वतः काढली. तोपर्यंत वेदनेची एकही तक्रार नाही. उपकरणात दोष आढळला नाही. भरपाईचा प्रश्न त्याच परिच्छेदात निकालात निघाला. दर्शनाला जागा मिळाली. संस्थेने अहवालातून दोन धडे घेतले. पहिला: चकतीचा डिंक असा करायचा की घालणारीला ती ओढून काढता येऊ नये. दुसरा: दुखण्याचा प्रश्न वगळायचा, कारण नव्वद दिवसांत एकदाही होय आलं नव्हतं. या दुसऱ्या धड्याविरुद्ध ऋजुताने एक पत्र लिहिलं. तिला नम्रपणे विचारण्यात आलं की तिच्याकडे आकडे आहेत का. आकडे तर दर्शनाचेच होते. नव्वद दिवस, बावीस बायका, शून्य.

घरात दर्शना रसिकाची वेणी घालू लागली, तिचं पातळ नेसवू लागली, माशाचे काटे काढून देऊ लागली. रसिका कधी काही मागत नसे. हेच कठीण होतं. मागितलं असतं तर देऊन मोकळं होता आलं असतं.

पुढच्या हंगामात चकत्या घाटावर गेल्या. अकरा कारखाने. त्याच्या पुढच्या हंगामात, मार्चमधल्या एका दुपारी, ऋजुता धुरींच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिने नोकरी सोडली होती आणि केस आखूड कापले होते. पिशवीतून कागद काढून तिने दोघींना सांगितलं: नऊ हात. सगळे असेच, शेवटपर्यंत नितळ, मग गेलेले. ओढून निघत नाही म्हणून त्यातल्या दोघींनी चकती कोयत्याने खरवडून काढली होती. त्या दोघी वाचल्या नाहीत. संस्था तुमच्या जबाबाकडे बोट दाखवते. म्हणते, पहिली केस बाईच्या स्वतःच्या चुकीची होती, याही तशाच.

“मला तुमच्यावर राग नाही,” ती रसिकाला म्हणाली. “पण तुम्ही खरं सांगितलंत, तर चकत्या थांबतील. तुम्हाला दुखत होतं का? तुम्हाला कोणी विचारलं होतं का?”

रसिकाने दर्शनाकडे पाहिलं. दर्शना ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती, अंगावर कारखान्याचा निळा कोट, वरच्या खिशाला पेन. बोलायला हवं होतं ते तिनेच. तिने तोंड उघडलंही. आतल्या खोलीत थोरल्याने कूस बदलताना कण्हल्याचा आवाज आला.

“सरबत घेशात मां? कोकमाचा आसा,” दर्शना म्हणाली.

ऋजुता थांबली. मग रसिका छापील मराठीत म्हणाली, “मी जे सांगितलं तेच खरं आहे.”

सरबत आलं. ऋजुताने अर्धं प्यालं, कागद पिशवीत घातले आणि चपला घालताना विचारल्याशिवाय राहवलं नाही म्हणून विचारलं, आता हात कसा आहे. रसिकाने सांगितलं की जो नाही तोच रोज दुखतो, बोटांच्या टोकांपर्यंत. ऋजुताकडे ते लिहून घ्यायला कुठे जागा नव्हती.

तर मांडणी अशी. दर्शना धुरीला जे मिळायचं होतं ते सगळं मिळालं आणि तिने त्यापोटी काही दिलं असेल, तर ते कोणाला मोजता येण्यासारखं नव्हतं. रसिकाने हात दिला, आणि पुढे आपलं खरंही दिलं, दोनदा. संस्थेने एक पत्र वाचायचे कष्ट घेतले. घाटावरच्या नऊ जणींनी नऊ हात भरले. त्यांपैकी दोघींना सगळंच भरावं लागलं. एक होती एकोणचाळीस वर्षांची, दुसरी बावीस. खाली कोकणात दोन जावा एका चुलीवर राहतात आणि त्यांच्या घरातलं देणं आपल्या नावावर लागलं आहे, हे घाटावरच्या त्या दोघींना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.